मामांच्या रिक्षातली शांत पोरं

लहान मुलांना आणि मोठ्यांना एकाच वेळी आवडणाऱ्या गोष्टीवर माझा आधीपासूनच विश्वास नाही. लहानपणी जत्रेत एक माणूस बाटल्या मांडून बसायचा. गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर एकच औषध. लोक रांगा लावून घ्यायचे आणि माझी आई मला दंडाला धरून पुढं ओढायची. म्हणायची, "चल गुमान, त्यो फसवतोय." त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं सुपरहिरो कुटुंबाच्या त्या कार्टून पिक्चरचा हट्ट धरला आणि वर म्हणाली, "आई, हा मोठ्यांना पण आवडतोय, मैत्रिणीचे बाबा दोनदा बघून आले", तेव्हा मी पहिला प्रश्न केला, "दोनदा का? पहिल्यांदा कळला न्हाय व्हय?"

यात माझा दोष नाही. कामच तसलं. कोल्हापूर संपून कागलचा रस्ता सुरू होतो तिथं आमचं घर, आणि तिथून पुढच्या गावातल्या दूध संस्थेत मी रोज पहाटे संकलनाला बसते. माणूस किटली घेऊन समोर आला की आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं, मग दुधाकडं. पाणी घातलेलं दूध लॅक्टोमीटर पकडतो, पण काही लोक लॅक्टोमीटरचे पण बाप असतात. पाणी घालून वर साखर टाकतात, म्हणजे आकडा परत जागेवर येतो. बारा वर्षांत मी एवढं शिकले की आकडा बरोबर आला म्हणून गप्प बसायचं नाही. माणूस नेहमीपेक्षा गोड बोलायला लागला की नमुना बाजूला काढायचा. नवरा म्हणतो, तुला अभिषेकाच्या दुधात पण पाणी दिसंल. दिसतंच. असतंच की ते.

तर पिक्चरला आम्ही चौघं गेलो. मी, नवरा, तिसरीतली लेक आणि मामा. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. मामा सव्वीस वर्षं शाळेच्या पोरांची रिक्षा चालवतात. सकाळी सातला आमच्या कॉलनीतली आठ पोरं, त्यात माझी लेक, शाहूपुरीतल्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. त्यांचा एक नियम होता. ड्रायव्हरच्या सीटवर पोर बसवायचं नाही. कुणी कितीही रडो, स्वतःची नात असो. "पुढं मी आणि देव, दोघंच," म्हणायचे.

पिक्चरमधलं ते कुटुंब बेकरी चालवत होतं. बाप एका हातानं ट्रक उचलायचा. आईला गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कुजबुजलं तरी ऐकू यायचं, जी शक्ती आमच्या गल्लीत निदान चार बायकांना आहे. पोरं भिंतीवरून चालायची. आणि आजीला दहा कोसांवरचं दिसायचं. संकट कुठून येतंय ते आधी आजी सांगायची, मग बाकीचे धावायचे. पण आजीची नजर कमी व्हायला लागते. ती कुणाला सांगत नाही. आईबापाला पत्ताच नाही. कळतं ते नातवंडांना. मग ती चार पोरं गावाच्या चार टोकांना बसतात, आजीच्या कानात सांगतात आणि आजी आपल्याला दिसल्यासारखं सगळ्यांना सांगते. इथं पोरं टाळ्या पिटत होती आणि त्यांचे आईबाप रुमाल शोधत होते.

मामा कुठल्याही पिक्चरला मध्यंतराच्या आत घोरतात. त्या दिवशी ताठ बसून होते. लेक त्यांच्या कानाला लागून सारखी काहीतरी सांगत होती. मी दोनदा दटावलं. सगळं थिएटर हसायचं आणि मग दोन श्वासांनी मामा हसायचे. मी पिक्चर सोडून तेच बघत बसले. पिक्चरमधलं हिंदी कळत नाही म्हणावं तर आधी दहा वर्षं स्टँडवर रिक्षा चालवलेला माणूस, कुणाचंही हिंदी कळतं. कानाचं म्हणावं तर आमची स्वयंपाकघरातली कुजबुज त्यांना अंगणात ऐकू येते. हसू प्रत्येक वेळी उशिरा आलं. पण त्या आजीच्या वेळी मामांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला, तो मात्र अगदी सगळ्यांच्या बरोबर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, आवडला का?"

"म्हातारी भारी हुती," म्हणाले आणि लेकीचा हात धरून जिना उतरायला लागले. मला वाटलं, तीच त्यांचा हात धरून उतरतेय. पण असं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पंधरा दिवसांनी भाजीच्या गाड्यावर रिक्षातल्या एका पोराची आई भेटली. म्हणाली, "तुमच्या मामांनी काय जादू केली ओ? आमचं कार्टं घरात ऐकत न्हाय, पण रिक्षात एकदम शांत. दंगा न्हाय, भांडण न्हाय." दुसऱ्या दिवशी दुसरी आई तेच म्हणाली. सगळ्या खूश. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. अहो, त्या रिक्षाचा आवाज आधी कोपऱ्यावरून यायचा! दप्तरं बाहेर लोंबकळतायत, कुणी कुणाचा डबा ओढतंय, मामा ओरडतायत. आठ पोरं एका रिक्षात आणि शांत? आजारी असली तरी शांत बसत नाहीत.

मग एक दिवस मी संस्थेतनं रजा काढून घरी होते, तेव्हा मला दिसलं की माझी लेक पुढं बसलीय. मामांच्या सीटवर, त्यांच्या उजव्या मांडीला चिकटून.

"मामा, ही पुढं कशी?"

"मागं दाटी हुतीया."

तीच आठ पोरं, तीच रिक्षा. दाटी आत्ताच कुठनं आली? विचारणार होते, पण मामांपुढं मी तोंड वर करून कधी बोललेली नव्हते. लेक मात्र माझ्याकडं बघून हसली. फार गोड हसली.

आणि मामा सकाळी घरी येईनात. पूर्वी पोरं सोडून आठ-साडेआठला परत यायचे, भाकरी खायचे, अंगणात पडायचे. आता सातला गेलेला माणूस एकदम दुपारी पोरांबरोबरच यायचा. कुठं होता म्हटलं तर, "शाळंम्होरंच बसतोय. कशाला हेलपाटा?" पाच तास? शाळेसमोर? मी काय काय मनात आणलं ते आता सांगायची लाज वाटते. पत्ते खेळत असतील. पीत असतील. धुण्याला टाकलेल्या त्यांच्या शर्टाचा मी वास घेतला. पेट्रोल आणि घाम, दुसरं काही नाही. तरी मी दुसऱ्या दिवशी परत घेतला.

कट्टाही सुटला. संध्याकाळी नातीला घेऊन शहरात दूध कट्ट्यावर जायचं, रस्त्याकडेला बांधलेल्या म्हशीची धार आपल्यासमोर पेल्यात काढून घ्यायची आणि फेसाची मिशी घेऊन घरी यायचं, हे मामांचं वर्षानुवर्षांचं व्रत. मला चिडवायचे, "तुझ्या संस्थेचं दूध देवाला, आमाला डोळ्यादेखत काढल्यालं पायजे." तो माणूस म्हणाला, थंडी हाय, नको. कोल्हापूरचा माणूस थंडीसाठी कट्ट्याचं दूध सोडतो? थंडीत तर तिथं उभं राहायला जागा नसते.

म्हणून मी नमुने काढायला लागले. मामांचा चहा नेहमी समोर ठेवायची, तो एक दिवस डाव्या कोपऱ्यात ठेवला. मामांचा हात समोरच्या रिकाम्या पाटावर फिरला. मी बघतच होते, तोवर आतून लेक ओरडली, "आजोबा, चहा डावीकडं!" दुसऱ्या दिवशी चपला उजवीकडं सरकवल्या. "आजोबा, उजव्या हाताला!" मी काहीही मांडावं आणि या कार्टीनं ते मोडावं. शेवटी तिला मोरीत धरलं.

"काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"कुठं काय?"

"माझी शप्पथ?"

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "आई, तू आज किती छान दिसतीयास!"

मी तोंडावर पाणी मारून नुकतीच उठलेली, केस पिंजारलेले, अंगात दुधाचा वास. साखर घातली पोरीनं! आठ वर्षांची माझी पोर मला फसवत होती, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तिला रागवूसुद्धा शकले नाही. तिथंच बादलीवर बसून राहिले.

नवऱ्याला सांगितलं. तो एमआयडीसीत फौंड्रीला आहे, शिफ्ट करून आलेला, ताटावर बसलेला. म्हणाला, "एक काम कर, माझ्या बापाला पण संस्थेत घिऊन जा. दुधासारखी फॅट काढ त्याची."

"चेष्टा नको. रिक्षात आठ पोरं असतात. त्यातलं एक आपलं हाय."

"सव्वीस वर्षात एक ओरखडा न्हाय त्याच्या रिक्षाला," म्हणाला आणि भात मागितला. त्याचंही खरं होतं. ओरखडा नव्हता. मी दोनदा रिक्षाभोवती फिरून बघितलं होतं.

शेवटी एका सकाळी संस्थेतल्या जोडीदारणीला संकलनाला बसवलं, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि स्कूटी घेऊन हायवेच्या पुलाखाली थांबले. मफलर तोंडाला गुंडाळला. थंडी होती, थोडं धुकं होतं. रिक्षा आली, पुढं गेली, आणि मी मागं लागले.

रिक्षा इतकी हळू चाललेली की मला मागं राहायला त्रास पडत होता. अंतर कमी झालं आणि मग मला ऐकू आलं.

"उजवीकडनं सायकल."

"डावीकडं मोकळं."

"डावीकडं आज्जी चालतीया. लांब हाय. जावा."

"मोठा स्पीडब्रेकर, आजोबा. हळू."

पोरं शांत नव्हती. पोरं कामात होती. डाव्या बाजूला दोन मुली दांडी धरून बाहेर वाकलेल्या, उजव्या बाजूला दोन मुलगे. मधली दोघं त्यांचं ऐकून पुढं पोचवत होती. सगळ्यात लहान, बालवाडीच्या मोठ्या गटातलं एवढंसं पोर, बोटं मोडून स्पीडब्रेकर मोजत होतं. आणि माझी लेक पुढं बसून सगळ्यांचं ऐकून मामांच्या कानात सांगत होती. थिएटरात सांगत होती तस्सं.

मामांना दिसत नाही. सगळ्या कॉलनीला, नवऱ्याला, मला, कुणाला पत्ता नाही, आणि पोरांना माहीत आहे. त्या पिक्चरमधलं जसंच्या तसं उचललं होतं माझ्या पोरीनं. माझा अंगठा हॉर्नवर गेला.

आणि तिथंच राहिला. मी वाजवला नाही. मला वाटलं, अजून एक वळण बघू. कदाचित नुसता खेळ असेल. घरी जाऊन बोलायचं तर पक्कं पाहिजे, नाहीतर नवरा परत फॅट काढायला सांगेल.

रेल्वेच्या पुलाजवळ डाव्या बोळातून एक टेम्पो उलटा बाहेर आला. आरडाओरडा नाही, हॉर्न नाही, नुसता मागं मागं येत होता. मामांची मान समोर. रिक्षा चाललेली. "डावीकडं टेम्पो! टेम्पो, टेम्पो!" डावीकडची पोरगी किंचाळली. रिक्षा जागेवर थांबली. टेम्पोचा मागचा फाळका त्या पोरीच्या दप्तरापासून वीतभर अंतरावर थांबला. टेम्पोवाल्यानं शिवी दिली आणि निघून गेला. मग तीच पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "आता मोकळं." रिक्षा परत चालू झाली. आणि मी, जिची पोर त्या रिक्षात पुढं बसली होती ती मी, शाळेपर्यंत मागं मागं गेले.

घंटा झाली, पोरं आत पळाली. मामा हँडलवर दोन्ही हात ठेवून बसून होते. मी स्कूटी लावून समोर जायच्या आधीच म्हणाले, "आलीस व्हय? हायवेच्या पुलापासनं मागं हाईस न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या गाडीचा मडगार्ड वाजतोय. म्हैना झाला सांगतोय तुझ्या नवऱ्याला, नट आवळ म्हणून."

मग त्यांनी सीटखालून थेंबांची बाटली काढून माझ्या हातात दिली. काचबिंदू. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सांगितलेलं. समोरचं दिसतंय, नळीतनं बघितल्यासारखं, दोन्ही बाजूंचं गेलं. गेलं ते येणार नाही, आहे ते औषध घालून राखायचं. म्हणून चहा सापडत नव्हता. म्हणून पिक्चरचा पडदा अर्धामुर्धा दिसत होता. म्हणून पोरं सुटेपर्यंत शाळेसमोरून हलत नव्हते, कारण रिकामी रिक्षा त्यांना घरी आणता येत नव्हती.

"रिक्षा चालवू नका म्हणाले असतील ना डॉक्टर?"

"म्हणलं. दोनदा म्हणलं."

"मग?"

"दिवाळीनंतर सोडणारच हुतो की. पिक्चर बघून आलो त्या दिवशी पक्कं ठरवलंतं. शाळा सुरू झाली त्या सकाळी पोरांस्नी शेवटचं सोडायचं आणि तुमाला सांगायचं. तर ही पोरगी पुढं यिऊन बसली. म्हणली, आजोबा, मला कवाच कळलंय, आमी सांगतो तुमाला." टॉवेल तोंडाला लावला. "रोज सकाळी सातला आठ पोरं माझी वाट बघत हुबी असत्यात. रिक्षा गेली की माझी वाट बघणार कोण हाय सांग."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी असा संताप आला की मी भर रस्त्यात ओरडले, "मामा, आठ पोरं हायत! आज ती पोरगी ओरडली नसती तर? तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?" शाळेचा शिपाई बघायला लागला. सासऱ्यांवर आवाज चढवायची माझी ती पहिली वेळ.

मामांनी वाद घातला नाही. किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "बरोबर हाय तुझं. माझं चुकलं, पोरीला मारू नगंस." मग म्हणाले, "एक इचारू? पुलापासनं बघतीयास तू. टेम्पो बी बघितलास. हॉर्न का दिला न्हाईस?"

खरं उत्तर होतं, पण ते सासऱ्यांना काय, देवालाही सांगण्यासारखं नव्हतं. दोन महिने मी जे शोधत होते ते सापडत होतं, आणि ते पुरतं सापडावं म्हणून मी थांबले होते. माझी पोर पुढं बसलेली असताना मी नमुना पुरा व्हायची वाट बघत होते.

नवऱ्याला फोन केला. तो फौंड्रीतनं रजा टाकून आला, बापाच्या शेजारी रिक्षात बसला आणि माझ्याकडनं किल्ली मागून घेतली. दुपारी शाळा सुटली. पोरं आली, हँडलवर नवरा बघून थबकली, मग सवयीनं आपापल्या जागेवर चढली. डावीकडच्या दोघी दांडी धरून बाहेर वाकल्या. मामा मागं, पोरांच्या मधे बसले. बारक्यानं त्यांच्या मांडीवर दप्तर ठेवलं.

लेक माझ्याजवळ आली. मी वाट बघत होते की ती आता रडेल, मला चहाडखोर म्हणेल. तिनं माझ्या हातातली थेंबांची बाटली बघितली आणि हळूच विचारलं, "आई, सकाळी तू मागं होतीस ना? मफलर बांधून? मला आरशात दिसलीस."

"व्हय."

"मागची बाजू आम्ही कुणालाच दिली नव्हती," ती म्हणाली. "माणसं कमी पडत होती. मला वाटलं, ती तू घेतलीस. म्हणून टेम्पो आला तेव्हा मी भ्यालेच नाही."

नवऱ्यानं रिक्षा चालू केली. ती पळत जाऊन रिक्षात चढली. मी मफलर सोडून पिशवीत कोंबला, स्कूटी काढली, आणि घर येईपर्यंत रिक्षाच्या मागं मागं चालले.